स्लॉसन-क्रेनशॉच्या नाक्यावरचा मालक

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिण भागात स्लॉसन अव्हेन्यू आणि क्रेनशॉ बुलेव्हार्ड हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. त्या नाक्यावर बैठ्या दुकानांची एक रांग आहे आणि तिच्यापुढे गाड्या लावण्याचे मोकळे आवार आहे. एर्मियास अस्गेडोम नावाचा एक तरुण याच आवारात, गाडीच्या डिकीतून, स्वतःच्या रॅपच्या सीडी विकत असे. पोलीस येत, हटकत, झडती घेत. पुढे त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने तिथेच गाळे भाड्याने घेतले, तेव्हा या मुलांना बाहेर काढा असा दबाव जागेच्या मालकावर आला. आणि अखेर २०१९ च्या सुरुवातीला, डेव्हिड ग्रॉस या गुंतवणूकदार भागीदाराच्या साथीने, त्याने ते संपूर्ण आवारच विकत घेतले. जगाला हा माणूस निप्सी हसल या नावाने ठाऊक आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहतो. आमच्या वाडीतल्या पोरांच्या मोबाइलवर निप्सीचे छायाचित्र असते, निळ्या टी-शर्टवर त्याचा चेहरा असतो आणि त्याला गोळ्या घालून मारले एवढे प्रत्येकाला माहीत असते. गळ्यातल्या सोन्याच्या साखळ्या, गाड्या, टोळी आणि मृत्यू या चार गोष्टींपलीकडे त्याची कहाणी आमच्याकडे पोहोचलेलीच नाही. ज्या गोष्टीमुळे त्याच्या वस्तीने त्याला आपला मानला ती गोष्ट जमिनीची आहे, मालकीची आहे, आणि तिचा आम्हा कोकणातल्या माणसांशी इतका जवळचा संबंध आहे की ती सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एर्मियासचा जन्म १५ ऑगस्ट १९८५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. आई कृष्णवर्णीय अमेरिकन, वडील एरिट्रियातून स्थलांतर करून आलेले. तो जन्मला त्या काळी त्या वस्तीची काय अवस्था होती, हे समजून घेतले पाहिजे. दक्षिण लॉस एंजेलिसच्या आसपास एके काळी टायरचे, पोलादाचे, मोटारींचे कारखाने होते आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना त्यांनी पक्क्या पगाराची नोकरी दिली होती. साउथ गेटचा फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि तिथलाच जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच क्रॅक कोकेन नावाचे स्वस्त, घातक व्यसन त्या रस्त्यांवर उतरले. बापाची नोकरी गेलेली, शाळेत लक्ष नाही आणि कोपऱ्यावर उभे राहून दिवसाला पैसे मिळतात, अशा घरांतल्या मुलांना क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्यांनी ओढून घेतले. क्रिप्सची सुरुवात १९६९ च्या सुमाराची; पण तिचे खरे उग्र रूप कारखान्यांची दारे बंद झाल्यानंतरचे आहे.

१९८२ हे साल वाचले की आमच्या भागातल्या कोणत्याही वयस्क माणसाला दुसरे काही आठवणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला, तो रीतसर कधी संपलाच नाही. लालबाग-परळच्या चाळींतली कितीतरी बिऱ्हाडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली होती. माझे वडील त्यांतलेच एक. गावाकडे येणारी मनिऑर्डर थांबली, माणसे ट्रंका घेऊन परत आली, आणि जी गिरणगावातच राहिली त्यांच्यातल्या काहींची तरुण मुले पुढच्या दहा वर्षांत टोळ्यांच्या हाती लागली. आमच्या नात्यातही असे घडले. त्या घरांची नावे मी इथे लिहिणार नाही. दोन शहरांचा धर्म, वंश, भाषा यांचा काडीचा संबंध नसताना कारखान्याला टाळे लागल्यावर दोन्हीकडे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे एकच झाले. म्हणून निप्सीच्या तरुणपणाकडे पाहताना त्याला ‘वाया गेलेला’ म्हणून मोकळे होणे मला जमत नाही.

तो चौदाव्या वर्षाच्या आसपास ‘रोलिन सिक्स्टीज’ या क्रिप्सच्या शाखेत गेला. हॅमिल्टन हायस्कूलमधले शिक्षण त्याने अर्धवट सोडले. याच मुलाने लहानपणी सुटे भाग जमवून स्वतःचा संगणक जोडला होता आणि शाळेच्या कपड्यांसाठी पैसे हवेत म्हणून लोकांचे बूट पुसून दिले होते, असे तो स्वतः मुलाखतींत सांगत असे. हुशारी होती, कष्टाची तयारी होती. ती कुठे लावायची हे दाखवणारे मात्र आजूबाजूला कोणी नव्हते.

त्याच्या आयुष्यातले वळण २००४ मधले. वडील त्याला आणि थोरल्या भावाला घेऊन एरिट्रियाला गेले आणि ते तिथे सुमारे तीन महिने राहिले. तांबड्या समुद्राच्या काठचा हा देश तीस वर्षांच्या लढ्यानंतर १९९३ मध्ये स्वतंत्र झाला. दुकानदार, पोलीस, अधिकारी, शिक्षक, सगळे आपल्यासारख्या रंगाचे आणि सगळे आपापल्या जागेचे धनी, हे चित्र त्याने तोवर पाहिलेले नव्हते. परतल्यावर त्याने गाणे आणि धंदा दोन्ही गंभीरपणे घेतले, आणि या प्रवासाने आपल्याला बदलले असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

इथे थोडे बाजूला जाऊन एक गोष्ट सांगतो. एरिट्रिया आफ्रिकेच्या ज्या ईशान्य टोकाला आहे, ज्याला ‘आफ्रिकेचे शिंग’ म्हणतात, त्याच प्रदेशातून, त्या वेळच्या हबसाणातून, शतकांपूर्वी जी माणसे समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आली, त्यांतल्या काहींनी मुरुडसमोरच्या खडकावर जंजिरा राखला. अनेक जण गुलाम म्हणून आणले गेले होते; त्यांच्या वंशजांनी १९४८ पर्यंत संस्थान चालवले. मलिक अंबरही त्याच प्रदेशात जन्मला, विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. दिघी बंदरातून जंजिऱ्याची तटबंदी पाहणाऱ्या कोकणी माणसाला एर्मियास अस्गेडोम अगदीच परका वाटण्याचे कारण नाही.

आता गाण्याविषयी. रॅप म्हणजे शिवीगाळ आणि आरडाओरडा, असे आमच्या पिढीतले पुष्कळजण समजतात. रॅप ज्या हिपहॉप या संगीतप्रकाराचा भाग आहे, त्याचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने एका इमारतीत केलेल्या नाचगाण्याच्या कार्यक्रमात मानला जातो. तालावर यमक जुळवून बोलायचे, समोरच्याला आव्हान द्यायचे, त्याच्या ओळीवर आपली ओळ चढवायची आणि आपल्या वस्तीचे नाव घ्यायचे, हा त्याचा गाभा. ज्याने शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गणपतीच्या दिवसांत रात्री अंगणात मांडव पडतो. मधोमध ढोलकीवाला, झांजवाला, शाहीर आणि मागे झील धरणारे बसतात. भोवताली पोरे पायात चाळ बांधून गोल फिरत राहतात. गण होतो, गौळण होते आणि मग खरी लढाई सुरू होते. एक बाजू शक्तीला श्रेष्ठ मानणारी, दुसरी शिवाला. तुरेवाला पुराणातला प्रश्न टाकतो, शक्तीवाला त्याचे उत्तर त्याच चालीत, त्याच यमकात परत फेकतो आणि जाता जाता समोरच्या गावाचाही उद्धार करतो. उत्तर देताना शाहीर अडखळला तर पहाटेपर्यंत जागलेली माणसे ते वर्षभर विसरत नाहीत. मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहात हेच सामने तिकीट लावून झाले आणि चाकरमान्यांनी ते गर्दी करून पाहिले. आमच्या पोरांना रॅप इतक्या लवकर का साधते, याचे उत्तर मला तिथे सापडते.

निप्सीची पहिली मिक्सटेप २००५ ची. मिक्सटेप म्हणजे मोठ्या कंपनीच्या छत्राखाली न येता गायकाने स्वतः बाजारात आणलेला गाण्यांचा संच. पुढे एपिक रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने त्याच्याशी करार केला. २०१० मध्ये तो त्या करारातून बाहेर पडला आणि त्याने स्वतःची कंपनी चालवायला घेतली. नवख्या गायकाला असे करणे परवडत नाही. कंपनी आगाऊ रक्कम देते, जाहिरात करते आणि त्या बदल्यात मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे ठेवते. हे हक्क आपल्याकडेच राहिले पाहिजेत, हा निप्सीचा हट्ट होता, आणि त्यापायी त्याने कीर्तीची कितीतरी वर्षे मागे ढकलली.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने जे केले ते मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो. त्याची नवी मिक्सटेप इंटरनेटवर कोणालाही फुकट उतरवून घेता येत होती. त्याच वेळी त्याने तिच्या फक्त १,००० सीडी काढल्या आणि प्रत्येकीची किंमत ठेवली १०० डॉलर. फिलाडेल्फियातल्या एका उपाहारगृहाने १०० डॉलरचे सँडविच विकायला काढले आणि त्या किमतीमुळेच त्याची सगळीकडे चर्चा झाली, ही गोष्ट त्याने एका पुस्तकात वाचली होती. लोक त्याला हसले. जे फुकट मिळते त्याला १०० डॉलर कोण मोजणार? सगळ्या सीडी चोवीस तासांच्या आत संपल्या; त्यांतल्या १०० एकट्या जे-झी या नामवंत रॅपरने घेतल्या. एका दिवसात १ लाख डॉलर आले आणि मध्ये कंपनी नव्हती, वितरक नव्हता, दलाल नव्हता. त्या सीडीला त्याने नाव दिले होते आपल्या रस्त्याचे, ‘क्रेनशॉ’. ज्या रस्त्याचे नाव ऐकले की शहरातली माणसे गाडीच्या काचा वर करत, तेच नाव त्याने शंभर डॉलरच्या मालावर छापले, आणि घेणाऱ्यांनी ते अभिमानाने मिरवले.

आपल्या गावाच्या नावाची किंमत आपण ठरवायची, ही गोष्ट हापूस पिकवणाऱ्या माणसाला समजायला हवी. आंबा कोकणचा, पेटी वाशीच्या बाजारात, आणि भाव ठरवणारा भलताच, हे चक्र इथल्या बागायतदाराने पिढ्यानपिढ्या सोसले आहे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तरी ‘देवगड’ आणि ‘रत्नागिरी’ ही नावे दुसरीकडच्या आंब्याच्या पेट्यांवर सर्रास छापलेली दिसतात. नाव आपले आणि नफा दुसऱ्याचा, हे निप्सीला मान्य नव्हते.

त्याचा पहिला अधिकृत अल्बम २०१८ च्या फेब्रुवारीत आला, म्हणजे पहिल्या मिक्सटेपनंतर तेरा वर्षांनी. त्याला ग्रॅमी या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्काराचे नामांकन मिळाले. मृत्यूनंतर, २०२० मध्ये, दोन ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. संगीतातल्या यशाविषयी एवढे पुरे.

जून २०१७ मध्ये त्या नाक्यावरच्या आवारात ‘द मॅरेथॉन क्लोदिंग’ हे त्याचे नवे दुकान उघडले. टी-शर्ट, टोप्या, मोजे असा माल. पण कपड्यांवरचे चिन्ह मोबाइलसमोर धरले की गाणी आणि चित्रफिती उघडत, अशी व्यवस्था एका तरुण कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने करून दिली होती. त्याच आवारात केस कापण्याचे आणि मासळीच्या खाद्यपदार्थांचे दुकान त्याच्या गुंतवणुकीतून चालत होते. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला अमेरिकेत नोकरी मिळणे अतिशय कठीण असते. अशा माणसांना त्याने आपल्या दुकानांत कामावर घेतले. हे मला सगळ्यांत मोलाचे वाटते. देणगी एकदा देऊन मोकळे होता येते. शिक्का बसलेल्या माणसाला गल्ल्यावर बसवायचे, तर रोज सकाळी विश्वास ठेवावा लागतो.

जवळच्या ५९ व्या रस्त्यावरच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्याने बूट दिले आणि तिथले बास्केटबॉलचे मैदान दुरुस्त करून दिले. बूट पुसून शाळेचे कपडे घेणाऱ्या मुलाला शाळेत आधी बूटच द्यावेसे वाटावेत, यावर मी वेगळे काय लिहिणार? फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रॉस यांच्या साथीने त्याने ‘व्हेक्टर ९०’ नावाची जागा सुरू केली. वरच्या बाजूला छोट्या व्यावसायिकांना भाड्याने टेबल-खुर्ची, इंटरनेट आणि बैठकीची खोली. सोबत मुलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकवणारे केंद्र. कॅलिफोर्नियातच जगातल्या सर्वांत श्रीमंत तंत्रज्ञान कंपन्या आहेत आणि त्याच राज्यातल्या आपल्या वस्तीतल्या मुलाला तिथे शिरण्याचा रस्ता माहीत नाही, ही दरी त्याला बुजवायची होती.

त्याच सुमारास क्रेनशॉ बुलेव्हार्डवरून मेट्रोची नवी मार्गिका येत होती. तिथल्या लोकांची मागणी होती की ती जमिनीखालून न्यावी. हाइड पार्क या तिथल्याच वस्तीच्या काही भागात ती रस्त्याच्या मधोमध, जमिनीवरूनच टाकली गेली. मेट्रो येणार म्हटल्यावर भाडी वाढू लागली, घरे विकत घेणारे बाहेरचे लोक चकरा मारू लागले. त्या मार्गाच्या कडेने सुमारे १.३ मैल लांबीचे, कृष्णवर्णीय कलावंतांच्या शिल्पांचे आणि चित्रांचे उघडे संग्रहालय उभारायचे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला ही जागा कोणाची आहे ते दिसेल, अशी ‘डेस्टिनेशन क्रेनशॉ’ ही योजना पुढे आली आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत निप्सी होता. पण चित्रांनी भाडे थांबत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून आवार विकत घेणे आलेच.

या मालकीच्या आग्रहामागे एक जुनी जखम आहे. लॉस एंजेलिसच्या अनेक भागांत घरांच्या खरेदीखतातच अट घातलेली असे की हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा कुठे क्रेनशॉसारख्या भागाची दारे हळूहळू उघडली. त्याच १९४८ मध्ये आपल्याकडे मुंबई राज्याचा कुळकायदा आला आणि पुढच्याच वर्षी खोती नष्ट करणारा कायदा झाला. त्याआधी आमचे आजे-पणजे खोताची जमीन कसत, पिकातला मोठा वाटा त्याच्या पडवीत नेऊन ओतत आणि वेठही करत. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ इतका काळ जमिनी न कसता संप चालवला, त्या वर्षांत जंगलातली लाकडे विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. आज कोकणातल्या सामान्य माणसाच्या नावावर जो काही चार-दोन गुंठ्यांचा तुकडा आहे, तो अशा लोकांनी मिळवून दिलेला आहे.

आणि तो आम्ही विकत आहोत. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे चालले आहे, आणि जसजसे रुंद रस्ते जवळ येतात तसतसे समुद्र दिसणारे कातळ, खाडीकाठचे उतार, जुन्या कलमांच्या बागा हातोहात जातात. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावे, अर्धे वारस मुंबईत, भावकीत बोलणे बंद. अशा घरी एखादा दलाल येतो, एकेकाला वेगळे गाठून सह्या घेतो आणि वर्षभरात तिथे जांभ्याचा गडगा आणि लोखंडी गेट उभे राहते. मिळालेल्या पैशातून मोटारसायकल येते, एक लग्न होते, घरावर पत्रे पडतात. मग त्याच बागेत त्याच घरातला मुलगा रखवालदार म्हणून लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि एकदाच पाहिले असे नाही.

३१ मार्च २०१९ रोजी, रविवारी दुपारी, निप्सीला त्याच्या दुकानासमोर, त्याच आवारात, गोळ्या घातल्या गेल्या. तो ३३ वर्षांचा होता. मारणारा परका नव्हता. त्याच वस्तीतला, ओळखीचा माणूस होता. त्याच्यावरचा खुनाचा आरोप जुलै २०२२ मध्ये सिद्ध झाला आणि २०२३ मध्ये त्याला किमान ६० वर्षांची, कमाल जन्मठेपेची शिक्षा झाली. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, निप्सीच्या पुढाकाराने पोलीस प्रमुखांसोबत बैठक ठरलेली होती. टोळ्यांतला हिंसाचार कसा थांबवता येईल आणि मुलांना त्यापासून कसे दूर ठेवता येईल, हा तिचा विषय होता.

त्यानंतरच्या दिवसांत, एरवी एकमेकांच्या रस्त्यावर पाऊल न टाकणाऱ्या टोळ्यांची माणसे स्लॉसनच्या नाक्यापर्यंत एकत्र चालत आली. ११ एप्रिलला स्टेपल्स सेंटरमध्ये शोकसभा झाली; बराक ओबामा यांनी पाठवलेले पत्र तिथे वाचून दाखवण्यात आले. इतरांना जिथे केवळ टोळ्या आणि निराशा दिसते तिथे या तरुणाला शक्यता दिसल्या, असा त्याचा आशय होता. त्यानंतर शवपेटीची मिरवणूक २५ मैलांहून अधिक अंतर त्याच्या ओळखीच्या रस्त्यांवरून गेली. शहराने त्या नाक्याला त्याचे नाव दिले.

निप्सीला आदर्श म्हणताना एक अडचण येते आणि ती टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्याने टोळीशी असलेले नाते कधी जाहीरपणे तोडले नाही. त्याच्या गाण्यांत बंदुका आहेत, बायकांविषयी हीन बोलणे आहे, आणि समलिंगी पुरुषांविषयी त्याने केलेल्या एका विधानावर रास्त टीका झाली होती. माझ्या भाचीने हे सगळे माझ्यासमोर मांडून विचारले की असा माणूस तू मुलांपुढे का ठेवतोस? तिचा आक्षेप मला मान्य आहे आणि पोरांशी बोलताना मी त्या गोष्टी झाकत नाही. तरीही मी त्याला त्यांच्यापुढे ठेवतो, कारण निष्कलंक माणसांच्या तसबिरी शाळेच्या भिंतीवर पुष्कळ आहेत आणि बारावीत दोनदा नापास झालेल्या, पोलीस ठाण्यात एकदा नाव लागलेल्या मुलाला त्या तसबिरींकडे पाहून स्वतःसाठी काही मार्ग सुचत नाही. निप्सीने टोळी सोडून, वस्ती सोडून, टेकडीवर बंगला बांधून तिथून उपदेश केला असता, तर नाक्यावरच्या मुलांनी त्याचे ऐकले नसते. तो तिथेच राहिला म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले आणि तिथेच राहिला म्हणून मारला गेला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यातला एक भाग ठेवून दुसरा गाळता येत नाही.

आमच्या वाडीतली चार-पाच पोरे गेल्या पावसाळ्यापासून माझ्या मागच्या पडवीत बसून रॅप करतात. भिंतीला जुन्या गोधड्या टांगल्या आहेत, म्हणजे आवाज घुमत नाही. ध्वनिमुद्रण मोबाइलवर होते. ताल कधी इंटरनेटवरून घेतलेला असतो, कधी त्यांच्यातल्या एकाच्या आज्याची ढोलकी असते. सुरुवातीला त्यांच्या ओळींत मुंबईच्या गल्ल्या होत्या, मारामाऱ्या होत्या, इथे कधी न झालेल्या गोळीबाराचे वर्णन होते. मी म्हटले, तुम्ही पाहिलेले सांगा. तेव्हा त्यांच्यातला जो सगळ्यांत कमी बोलतो, ज्याचा बाप मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे, त्याने आपल्या बोलीत दोन ओळी लिहून आणल्या:

‘आज्यान लावल्यान कलमा, बापसान राखल्यान बाग,
आमी ठोकली सही नि आता तितच गडी म्हनून लाग.’

पडवीत कोणी काही बोलले नाही. मग ढोलकीवाल्या पोराने त्याला ठेका धरून दिला, आणि त्या दिवसापासून गोळीबार बंद झाला.

त्यानंतर मी त्यांना सातबारा वाचायला शिकवायला लागलो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, कोणत्या हक्काने, तिच्यावर बोजा आहे का. गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात काय पिकते. फेरफार क्रमांक पाहिला की नाव कधी चढले आणि कधी उतरले त्याचा माग काढता येतो. शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर हे सगळे मोबाइलवर दिसते, तरी यांच्यापैकी एकानेही आपल्या घरचा उतारा तोवर उघडून पाहिलेला नव्हता. एकाला त्यात आपल्या आत्येचे नाव सापडले; तिचा हिस्सा आहे हे घरात कोणी कधी बोललेच नव्हते, आणि त्यावरून त्याच्या घरी जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. त्याचा मला खेद वाटत नाही, कारण आत्येचा हक्क खरा आहे.

पोरांनी स्वतःहून ठरवले आहे की गाण्यातून जे थोडे पैसे येतील त्यातून आधी वाडीतला बंद पडलेला भाताच्या गिरणीचा गाळा भाड्याने घ्यायचा आणि तिथे ध्वनिमुद्रणाची खोली करायची. मालक तयार आहे, भाडे ठरायचे आहे. भाडेकरार लेखी करा आणि गाळा कधी विकायला काढलाच तर पहिला हक्क आपला, अशी अट त्यात घाला, एवढेच मी सांगितले. ती अट कशी लिहायची हे विचारायला दोघे जण तालुक्याला वकिलाकडे जाऊन आले.

यंदा गणपतीत आमच्या मंडळाचा सामना खाडीपलीकडच्या गावाशी आहे. शाहीर जुनेच आहेत. पण या वेळी एक सवाल पोरांनी बांधून दिला आहे आणि शाहिरांनी तो चालीत बसवून घेतला आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या पायवाटेने घरोघरी जाते ती वाट विकलेल्या बागेतून जाते. मग ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदवायची कोणी आणि कधी? हा सवाल पलीकडच्या गावापर्यंत आधीच पोहोचला आहे. त्यांचे शाहीर उत्तराच्या शोधात तलाठ्याकडे जाऊन बसले होते, असे परवा तरीवर कळले.